वळिवडेचा कॅम्प: पोलंडवाले, सिंधी, आणि तुमच्या घरातले प्रवास

रंकाळाकर:
मंडळी, घरच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेल्या आठवड्यात गांधीनगरला गेलतो. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, कोल्हापूरच्या पूर्वेला वळिवडे गावाला लागून हे कापडाचं होलसेल मार्केट, पार कोकण-कर्नाटकातनं लोक इथं खरेदीला येतात. साड्या बघून बायका दमल्या नाहीत पण मी दमलो, मग चहाला एका दुकानदारासोबत बसलो तर तो म्हणाला तुम्ही बसलाय ती जागा पोलंडवाल्यांची. मला अर्धवट माहीत होतं, आमचे आजोबा सायकलवरनं कॅम्पात दूध घालायला जायचे एवढं ऐकलेलं. घरी येऊन जरा वाचलं तर लईच मोठं प्रकरण निघालं.

१९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं इथं जवळपास पाच हजार पोलिश माणसं राहत होती, जास्त करून बायका आणि पोरं, कारण बाप्ये एकतर सैन्यात नाहीतर मेलेले. लांबच्या लांब कौलारू बराकी, स्वतःचं चर्च, शाळा, दवाखाना, पोस्ट, नाटकाचं थेटर, सगळं. ती माणसं गेली आणि त्याच बराकीत फाळणीतले सिंधी येऊन राहिले, त्याचं झालं गांधीनगर. म्हणजे एका जागेत पाठोपाठ दोन देशोधडीला लागलेल्या लोकांनी संसार मांडला आणि आम्ही तिथं आपले साड्यांचा भाव करत बसतोय.

तर धागा काढायचं कारण असं की इथं कुणाच्या घरात या कॅम्पाच्या आठवणी असतील तर लिहा. आणि नुसतं वळिवडेच नको, ज्यांच्या घरातलं कुणी (किंवा स्वतः) एका देशातनं उठून दुसऱ्या देशात आलंय त्यांनी तो प्रवास कसा झाला ते लिहा. कसं निघाले, काय घेतलं, वाटेत काय झालं. भाषण नको, प्रवास पायजे.

आणि हो, कोल्हापूरच्या महाराजांनी पाच हजार लोकांना पोसलं ह्याचा आपल्याला अभिमान हाय.

चिंगी_पुणे:
+१. वाचतेय, सगळ्यांनी लिहा प्लीज.

शंकासुर:
धागा चांगला आहे पण सुरुवातीलाच एक खडा टाकतो, तो माझा स्वभाव. "महाराजांनी पोसलं" हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते तसं नाही. जागा कोल्हापूर संस्थानातली, संस्थानाचं सहकार्य होतं, ते सगळं खरं. पण कॅम्पाचा खर्च लंडनमध्ये बसलेलं पोलंडचं परागंदा सरकार करत होतं. तसंही १९४० मध्ये राजाराम महाराज गेले होते आणि तेव्हा गादीवर दत्तक घेतलेलं लहान मूल होतं, कारभार रीजन्सीकडे, म्हणजे राजा लहान असताना राज्य चालवणाऱ्या मंडळाकडे. लोक ज्या महाराजांची गोष्ट सांगतात ते नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी, आणि त्यांचा कॅम्प बालाचडीला, जामनगरजवळ, समुद्राकाठी, १९४२ मधला. तिथे अनाथ मुलं होती आणि त्या माणसाने खरोखर पदर मोडून, इतर संस्थानिकांकडून पैसा उभा करून ती सांभाळली. वॉर्सामध्ये त्यांच्या नावाचा चौक आहे. दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत, एकाची टोपी दुसऱ्याला घालायची गरज नाही.

रंकाळाकर:
@शंकासुर बरं बाबा, जागा आमची आणि दूध आमच्या आजोबांचं, एवढं तरी राहू दे.

सुलूमावशी_लंडन:
हा धागा बघून राहवलं नाही, टायपिंगला वेळ लागतो तरी लिहितेच.

आम्ही १९८० च्या सुमारास लंडनला ईलिंग भागात घर घेतलं तेव्हा शेजारी एक पोलिश बाई राहायच्या, माझ्याहून वयाने मोठ्या, आता नाहीत. पहिल्याच आठवड्यात मी साडी नेसून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होते तर कुंपणावरून त्यांनी विचारलं, इंडियात कुठे? मी म्हटलं मुंबई, कारण इथे दुसरं काही सांगून कळत नाही. तर त्या म्हणाल्या मी कोल्हापूरला वाढले!! मला वाटलं माझं इंग्रजी कच्चं, मीच चुकीचं ऐकलं. मग त्यांनी पंचगंगेचा घाट, अंबाबाईचं देऊळ, पावसाळ्यात बराकीत निघणारे साप असं सगळं सांगायला सुरुवात केली आणि मी तो डबा हातात धरून तशीच उभी.

त्यांनी थोडं थोडं करून जे सांगितलं ते एकत्र करून लिहिते. त्यांचं गाव टार्नोपोलच्या बाजूला, तेव्हा पूर्व पोलंड. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून हिटलर आला आणि १७ तारखेला पूर्वेकडून रशियन फौज. फेब्रुवारी १९४० मध्ये मध्यरात्री दार ठोठावलं, सोव्हिएट शिपाई, आवरा म्हणाले, तासाभराचाही वेळ नाही. त्या तेव्हा पाच वर्षांच्या. आईने काय उचललं तर पिसांची रजई, पीठ, आणि शिवणयंत्राचं नुसतं डोकं, खालचं लोखंडी स्टँड कोण नेणार. वडील तिला ओरडले की हे कशाला ओझं, आणि पुढे आठ वर्षं त्या डोक्यानेच घर चाललं.

मग गुरांच्या डब्याची रेल्वे, मध्ये एक शेगडी आणि जमिनीला एक भोक, तेच संडास. कित्येक दिवस तसेच. उतरवलं ते उत्तरेला अर्खांगेल्स्ककडच्या जंगलात, लाकूडतोडीच्या कॅम्पात, काम केलं तर पाव. तिथे राहिले असते तर संपलेच असते, पण जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला आणि मग स्टालिनला पोलिश माणसं एकदम कामाची वाटायला लागली. लंडनच्या पोलिश सरकारशी जुलैमध्ये करार झाला, सिकोर्स्की-मायस्की करार, आणि या लोकांना "माफी" मिळाली. कसली माफी, गुन्हा काय होता ते त्या मला शेवटपर्यंत विचारायच्या, जसं काही मी करार केला होता. पोलिश जनरल अँडर्स दक्षिणेला पोलिश सैन्य उभं करतोय असं कळल्यावर सगळेच दक्षिणेकडे निघाले, मिळेल त्या गाडीने, उझबेकिस्तानपर्यंत. तिथे टायफस, उवांमुळे पसरणारा ताप. धाकटा भाऊ तिथेच गेला, स्टेशनजवळ पुरला, स्टेशनचं नाव आईला कधी आठवलं नाही.

१९४२ मध्ये अँडर्सची फौज इराणला हलवली तेव्हा सैनिकांच्या कुटुंबांना बरोबर जाता आलं. कॅस्पियन समुद्रातून क्रास्नोव्होद्स्कहून पहलवी बंदरात, बोटीत उभं राहायला जागा नाही. किनाऱ्यावर उतरल्यावर उवांमुळे सगळ्यांचे कपडे जाळले आणि डोकी भादरली. आणि एवढी उपासमार सोसून आलेली माणसं तिथलं मटण पोटभर खाऊन मेली, हे त्या दर वेळी सांगायच्या. पुढे तेहरान, मग अहवाजवरून खाली बंदर, बोटीने कराची, आणि कराचीहून मुंबई, मिरज, कोल्हापूर.

वळिवडेचं मात्र त्या हसत हसत सांगायच्या. पहिल्यांदा रोज शाळा, स्काउट, नाटकं. केळी बघून घाबरल्या होत्या म्हणे. फळवाल्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन यायच्या आणि महिन्याभरात पोलिशमध्ये भाव करायला लागल्या. आई शिलाई करायची.

वडील तिकडे सैन्यातून इटलीत, मॉन्टे कॅसिनोला लढले आणि वाचले. १९४८ मध्ये मुंबईहून बोटीने या इंग्लंडला आल्या तेव्हा त्या १३ वर्षांच्या आणि वडील अनोळखी माणूस. दोन वर्षं त्यांच्याशी नीट बोलल्या नाहीत. आणि राहायला काय, तर परत कॅम्प, ग्लॉस्टरशरमधे अर्धगोल पत्र्याच्या लष्करी झोपड्या, कोल्हापूरपेक्षा वाईट म्हणायच्या, कारण थंडी.

चिंगी_पुणे:
मावशी, रडवलंत. पण एक विचारू का, युद्ध संपल्यावर त्या पोलंडला परत का नाही गेल्या? जिंकलेल्या बाजूला होते ना ते?

सुलूमावशी_लंडन:
@चिंगी हेच मी पण विचारलं होतं ग. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला चर्चिल, रूझवेल्ट, स्टालिन बसले आणि पूर्व पोलंड रशियाला देऊन टाकला. त्यांचं गाव आता युक्रेनमध्ये आहे. ज्यांनी हाकललं त्यांच्याच राज्यात परत जायचं कसं? थोडे लोक पोलंडला गेलेही, पण बाकीचे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेतले कॅम्प असे पांगले. आमच्या शेजारीण बाई जिंकलेल्या बाजूच्याच होत्या, पण घर हरलेल्या.

गांधीनगरी:
रंकाळाकर दादा, तुम्ही ज्या दुकानदारासोबत चहा प्यायलात तो माझा चुलता असायची शक्यता बरीच आहे, कारण मार्केटमध्ये पोलंडवाल्यांची गोष्ट तोच प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो. भाव कमी केला का त्याने? नसेलच.

मी गांधीनगरात जन्मलो वाढलो. घरी सिंधी, बाहेर कोल्हापुरी. पोलंडवाल्यांबद्दल आता खूप लिहून येतं, २०१९ मध्ये त्यांचे मंत्री आले, जुने रहिवासी व्हीलचेअरवरून आले, फुलं, बँड, बातम्या. छानच झालं, मी पण बघायला गेलतो. पण त्यांच्यानंतर त्याच खोल्यांत आलेल्या आमच्या लोकांना कोण विचारायला आलं नाही, म्हणून म्हटलं इथं लिहून ठेवू.

माझे डाडा (आजोबा) हैदराबाद सिंधचे. तिथल्या शाही बाजारात भावाभावांचं कापडाचं दुकान. ऑगस्ट १९४७ मध्ये निघायचा विचारसुद्धा नव्हता, कारण पंजाबसारखी कापाकापी सिंधमध्ये झाली नव्हती आणि शेजारी चांगले होते. डाडांनी तर दिवाळीनंतरचा माल बुक करून ठेवलेला. मग भारतातून तिकडं गेलेले मुसलमान निर्वासित आमच्या लोकांच्या घरांकडे बघायला लागले, डिसेंबरात हैदराबादेत दंगा झाला, ६ जानेवारी १९४८ ला कराचीत मोठी लूट झाली, त्यानंतर मात्र घरातल्या म्हाताऱ्यांनी पण हात टेकले. शेजारच्या मुसलमान टांगेवाल्याने पहाटे स्टेशनवर सोडलं, पैसे घेतले नाहीत.

कराचीहून बोटीची तिकिटं मिळेनात म्हणून हे गाडीने आले, मीरपूर खास, मग खोखरापार, मग इकडं मुनाबाव, बाडमेर, मारवाड. नुसतं वाळवंट. हद्दीवर झडती, डाडीच्या अंगावरचं गेलं, पेटीतली भांडी गेली, अगदी शिवायच्या मशीनसाठी पण हुज्जत (मावशींची ती मशीनची गोष्ट वाचून अंगावर काटा आला, आमच्या डाडीची मात्र नाही वाचली). गाडीत पाणी नव्हतं. एक लहान आत्या होती म्हणतात, ती वाटेत आजारी पडली आणि मारवाडला गेली. घरात तिचं नाव कोणी काढत नाही, मला पण मोठं झाल्यावर कळलं.

तिथून देवळाली कॅम्प. तंबू. मग कोणीतरी सांगितलं की कोल्हापुराकडे गोऱ्या लोकांचा कॅम्प रिकामा होतोय, पक्क्या खोल्या आहेत. म्हणून इकडं. आले तेव्हा इकडच्या लोकांना आमचं काही कळेना. बायका सुथण म्हणजे सलवारसारखं घालायच्या, लिहायचं उर्दूसारखं उजवीकडून, मटण मासे खायचे, देवळात गुरु ग्रंथसाहेब. डाडी सांगायची, पाकिस्तानात हिंदू म्हणून राहता आलं नाही आणि इथे नळावर बायका विचारायच्या तुम्ही मुसलमान काय गं. पहिलं काम तिने काय केलं असेल तर नऊवारी नाही पण साडी नेसायला शिकली.

डाडांनी सुरुवातीला गोळ्या बिस्किटं विकली रेल्वेत, कोल्हापूर-मिरज लाईनवर. मग इचलकरंजीतनं कापड उधारीवर उचलून सायकलवर गावोगाव. गज मोजायला काठी, गाठोडं मागे. नफा एका वारामागं इतका कमी ठेवायचे की गावातले जुने दुकानदार भांडायला यायचे, सिंध्यांनी धंदा नासवला म्हणून. ते त्यांच्या जागी बरोबर होते असं मला आता वाटतं. पण डाडांचं गणित वेगळं होतं, माल महिनाभर ठेवायला जागाच नाही तर संध्याकाळपर्यंत विकलाच पाहिजे. आजचं होलसेल मार्केट त्या सायकलींतनं उभं राहिलंय.

क्लेमचे पैसे म्हणजे तिकडं सोडून आलेल्या मालमत्तेची भरपाई, त्याचा कायदा १९५४ मध्ये झाला. कागद कुठनं आणायचे? दुकानाची खातेवही एक डाडांनी कपड्यात गुंडाळून आणलेली, तीच दाखवत फिरले. थोडंफार मिळालं, ते पण उशिरा.

आणि शाळेत मला "निर्वासित" म्हणायचे. मी तिसऱ्या पिढीतला. मास्तर पण म्हणायचे, मायेनं म्हणायचे पण म्हणायचेच.

रंकाळाकर:
भावा... काय लिहिलंस. आमच्यात पण हे बोललं जायचं, सिंधी आणि साप वगैरे म्हण, तू ऐकलीच असशील. भाव तुझ्या चुलत्यानं एक रुपया कमी केला नाही. पुढच्या येळंला तुझं नाव सांगतो.

गांधीनगरी:
ती म्हण माहीत आहे दादा, आम्ही पण एकमेकांना मारतो आता. नाव सांगा, मग तर अजिबात कमी करणार नाही.

कराचीकरांची_नात:
गांधीनगरी यांनी लिहिलं ते वाचून माझ्या आजीचं लिहायलाच हवं, कारण कराचीत मराठी माणसं पण होती हे कुणाला खरंच वाटत नाही. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, त्यामुळे मास्तर, कारकून, रेल्वे, पोस्ट अशा नोकऱ्यांवर भरपूर मराठी कुटुंबं तिकडे. कराचीची पहिली सरकारी शाळा १८५५ ची, तिला नाव नारायण जगन्नाथ वैद्य यांचं, आणि ती एन. जे. व्ही. स्कूल म्हणून अजून चालू आहे. आजीचे वडील पोर्ट ट्रस्टमध्ये होते. गणपती, हळदीकुंकू, सगळं तिकडे.

आजीला पोलंडवाले पण आठवायचे! कराचीत त्यांचे तात्पुरते कॅम्प होते. रस्त्याने ट्रकमधून डोकी भादरलेली गोरी पोरं जाताना तिने पाहिली होती आणि वडिलांना विचारलं, गोऱ्यांची मुलं भिकारी कशी? तोवर गोरा म्हणजे साहेब एवढंच माहीत. वडिलांनी उत्तर दिलं नाही म्हणे.

हे लोक सप्टेंबर १९४७ मध्येच बोटीने मुंबईला आले. सरकारी नोकरीवाल्यांना कुठे राहणार ते निवडायचा पर्याय होता, त्यामुळे सिंधी लोकांइतके हाल नाहीत झाले, हे कबूल. पण पुण्यात आल्यावर नातेवाईकांकडे एका खोलीत नऊ माणसं, आणि कॅम्प नाही, रेशन नाही, क्लेम नाही, कारण तुम्ही तर आपल्याच माणसांत आलात ना, मग तुम्ही निर्वासित कसले. पणजीला तर नात्यातल्या बायका म्हणायच्या, गेलाच होता कशाला एवढ्या लांब. आजी शेवटपर्यंत पल्ला मासा म्हणत राहिली, पुण्यात कुठला सिंधू नदीचा पल्ला मिळायला.

गांधीनगरी:
पल्ला!! ताई, आमच्या डाडीचं अर्धं बोलणं पल्ल्यावर संपायचं.

विन्या_व्रोत्सवाफ:
मी सध्या पोलंडमध्येच आहे, व्रोत्सवाफ, आयटीवाला, पोटासाठी आलेला, सहा महिन्यांचा प्रोजेक्ट म्हणून आलो आणि बरीच वर्षं झाली. या धाग्यावर मी स्थलांतरित म्हणून लिहायला लाज वाटते, माझा प्रवास म्हणजे विमानात बसलो, झोपलो, उतरलो आणि बॅग आली नाही.

पण या शहराबद्दल सांगतो कारण सुलूमावशींच्या गोष्टीची दुसरी बाजू इथे आहे. १९४५ पर्यंत हे जर्मन शहर होतं, ब्रेस्लाऊ. युद्ध संपल्यावर पोलंडचा नकाशाच उचलून पश्चिमेला सरकवला, पूर्वेकडचं रशियाला दिलं आणि जर्मनीचा तुकडा पोलंडला. इथल्या जर्मनांना हाकललं आणि ल्वूफकडचे (आताचं युक्रेनमधलं लविव) पोलिश लोक गाड्या भरभरून इथे आणून सोडले. ल्वूफचं ओस्सोलिनेउम ग्रंथालय आलं, रात्स्लावित्से लढाईचं ते प्रचंड गोलाकार चित्र गुंडाळून आलं. म्हणजे शहरच्या शहर भाडेकरू बदललेलं.

माझ्या घरमालकिणीचे आईवडील असेच आलेले. ती सांगते घरात जर्मनांची ताटं, जर्मनांचा पियानो, कपाटात कुणा अनोळखी बाईचे कोट. आई ते कोट वापरायची आणि रडायची. आणि कितीतरी वर्षं यांनी घराला रंग लावला नाही, छपराची दुरुस्ती केली नाही, कारण जर्मन परत येतील आणि आपल्याला पुन्हा उठवतील अशी धास्ती. डिसेंबर १९७० मध्ये पश्चिम जर्मनीने ही हद्द मानल्याचा करार केला तेव्हा कुठे तिच्या वडिलांनी बागेत फळझाडं लावली.

आणि मग फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये मी स्वतः बघितलं, इथल्या मोठ्या स्टेशनवर युक्रेनहून गाड्या यायच्या, बायका, पोरं, मांजराच्या पिशव्या. पुरुष नाहीत. आमच्या ऑफिसातले पोलिश लोक शिफ्ट लावून चहा-सूप वाटायला जायचे. मी पण गेलो, मला भाषा धड येत नाही म्हणून मला सामान उचलायचं काम दिलं. घरमालकिणीने वरची खोली खारकीवच्या एका मायलेकींना दिली, भाडं नाही. युक्रेन आणि पोलंडचं जुनं वैर किती रक्ताचं आहे ते वाचलंत तर या गोष्टीचं वजन कळेल. अर्थात आता वातावरण तसं राहिलेलं नाही, लोक कुरकुरतात, दवाखान्यात रांग वाढली, शाळेत जागा नाही वगैरे. ते पण लिहायला हवं.

शंकासुर:
विन्याने शेवटची दोन वाक्यं लिहिली म्हणून बरं वाटलं. मला एक सारखं टोचतंय ते सांगतो. १९४३, वळिवडेला पोलिश मुलांची शाळा, दवाखाना उभं राहिलं ते साल. त्याच साली बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसं मेली, इंग्रजांच्याच राज्यात. पोलिश मुलांचा यात काही दोष नाही, पण "भारताने आश्रय दिला" म्हणून आपण आज छाती फुगवतो तेव्हा निर्णय घेणारे कोण होते तेही बघा. सामान्य दूधवाल्याला, फळवालीला श्रेय द्या. ते खरं आपलं. बाकी आजच्या भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, कुणाला निर्वासित म्हणायचं ते दर वेळी सरकार ठरवतं.

बोरकर_गोंदिया:
शंकासुर साहेब, दर वेळी ठरवतं म्हणजे काय ते बघायचं तर आमच्याकडे या. गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग, तिबेटी लोकांची वस्ती, १९७२ पासून, जंगलात. थंडीत तेच लोक बाहेरगावी स्वेटर विकायला जातात. आणि खाली चंद्रपूर-गडचिरोलीत पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली, चामोर्शी मुलचेऱ्याकडे त्यांची गावंच्या गावं आहेत, भात आणि मासे. पुण्यामुंबईच्या पेपरात दोघांचंही नाव नसते.

मिरजेची_मुलगी:
विन्यादादांनी लविवचं नाव घेतलं म्हणून लिहितेय, मी तिथे एमबीबीएसला होते. तिसऱ्या वर्षाला. मी निर्वासित नाही हे आधीच सांगते, माझ्याकडे पासपोर्ट होता आणि मिरजेत घर होतं, आई होती. त्यामुळे शंकासुर काका, तुलना करतेय म्हणून चिडू नका.

२४ फेब्रुवारी २०२२ ला पहाटे सायरन झाले. लविव पश्चिमेला असल्याने आम्हाला वाटलं इथे काही होणार नाही. दोन दिवस हॉस्टेलच्या तळघरात. मग आम्ही पाच मुली शेहिनीच्या बॉर्डरकडे निघालो, पलीकडे पोलंडचं मेदिका. टॅक्सीवाल्याने निम्म्या वाटेत सोडलं कारण पुढे गाड्यांची रांगच रांग, मग चालत. रात्रभर. उणे तापमान, बॅग ओढून चाकं तुटली, मग एकेक गोष्ट रस्त्याच्या कडेला टाकत गेलो. आधी पुस्तकं टाकली, मग शूज, मग कुकर. कुकर टाकताना एक मुलगी जाम रडली, आईने दिलेला. मी माझं स्टेथोस्कोप ठेवलं, का ते माहीत नाही, त्या वेळी त्याचा काय उपयोग.

बॉर्डरवर युक्रेनच्या बाजूला फार वाईट गेलं. युक्रेनी बायका-मुलांना आधी सोडत होते ते बरोबरच होतं, पण आमच्या रांगेला तासन्तास हलू देत नव्हते, ढकलाढकली, आमच्यातल्या मुलांना काठ्या बसल्या. शेकोटीला लोक कपडे जाळत होते. पलीकडे पाऊल टाकलं आणि एका पोलिश काकांनी हातात गरम सूप दिलं, व्हिसा कुणी विचारला नाही, तेव्हा पोलंडने आम्हाला विनाव्हिसा आत घेतलं होतं. मग झेशूफला एका हॉटेलात, तिथून ऑपरेशन गंगाच्या विमानाने दिल्ली.

वळिवडे माझ्या घरापासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आणि मला हे काहीच माहीत नव्हतं!! म्हणजे मी ज्या गावातनं पळाले त्याच भागातले लोक ऐंशी वर्षांपूर्वी माझ्याच लाईनवरच्या स्टेशनावर उतरले होते. त्या पोलिश काकांना सांगता आलं असतं.

आता मी घरी आहे, पुढचं शिक्षण कसं पूर्ण केलं ती वेगळीच रडकथा, त्यावर स्वतंत्र धागा काढेन. पण आमच्या हॉस्टेलच्या वॉर्डन बाई तिथेच राहिल्या. मुलगा सैन्यात. मधूनमधून मेसेज येतो, दिवे गेलेत, दिवे आलेत, एवढाच.

शंकासुर:
@मिरजेची_मुलगी चिडलो नाही. कोण कुठून निघालं आणि त्याला परतायला जागा होती का, एवढा फरक धरून ठेवा, तो तुम्ही पहिल्याच ओळीत धरलात. स्टेथोस्कोप वापरता की नाही आता?

मिरजेची_मुलगी:
वापरते काका, इंटर्नशिप चालू आहे 😊

सुलूमावशी_लंडन:
माझ्या शेजारीण बाईंना हा धागा दाखवायला हवा होता ग. त्यांच्या मुलीला पाठवते, तिला मराठी कुठलं येणार, फोनवर वाचून सांगेन.

अ‍ॅडमिन:
युक्रेन-रशिया कोण बरोबर यावर आलेले चार प्रतिसाद उडवले आहेत, त्यासाठी वेगळा धागा आहे, तिथे भांडा. इथे प्रवासच राहू देत.

रंकाळाकर:
मी या रविवारी परत जाणार हाय गांधीनगरला, बायकोला दोन साड्या बदलायच्यात. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये पोलंडवाल्यांनी उभारलेलं स्मारक हाय, ते आधी बघू मग तिकडं जाऊ. कोण येणार असेल तर सांगा. @गांधीनगरी भावा, एखादी जुनी बराक उभी असेल तर दाखवशील काय? आणि तुमच्या डाडांची ती खातेवही अजून हाय?

गांधीनगरी:
या की, घरी जेवायलाच या, दाल पकवान करायला सांगतो. बराकी बहुतेक पाडून बंगले, दुकानं झाली, पण एका गल्लीत अजून जुनं छप्पर दिसतं ते दाखवतो. वही आहे, पण ती ना आमच्या सिंधीत वाचता येते ना कशात, जुन्या वाण्यांची हटवाणकी लिपी, घरात कुणालाच लागत नाही. उल्हासनगरला कोणी जाणकार असेल तर सांगा रे.

कराचीकरांची_नात:
उल्हासनगरला माझी एक सिंधी मैत्रीण आहे, तिच्या आजोबांचे मित्र ही लिपी वाचायचे असं ती म्हणायची. विचारते. आधी दोनतीन पानांचे स्वच्छ फोटो काढून ठेवा, उन्हात, फ्लॅश न लावता.

शंकासुर:
फोटो इथे पण टाका. १९४७ चा कापडाचा गजाचा भाव काय होता ते बघायचंय.